मधलं आमेन

"उपकारस्तुतीची प्रार्थना राहेलबाई करतील," पाळकबाईंनी जाहीर केलं, आणि सतरंजीवर बसलेल्या बायकांनी आपापली बैठक सैल केली. कडेच्या दोघीतिघी भिंतीला टेकल्या. एकीनं झोपलेलं बाळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. राहेलबाईंची प्रार्थना किती चालते हे आमच्या कंपाउंडात सगळ्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

अबी माझ्या कुशीत सरकली आणि कानाला लागली. "मम्मी, केक प्रार्थनेनंतर कापायचा ना?"

"हो."

"मग राहेलआजींना कशाला सांगितलं?"

मी तिला डोळ्यांनीच दटावलं आणि स्वतःचं हसू पदराआड लपवलं. अबीचा सहावा वाढदिवस होता तो. नवा पिवळा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, आणि सकाळपासून केकवर खिळलेले डोळे. आमच्यात वाढदिवसाला आधी घरी बायकांची सभा बोलावतात, देवाचे उपकार मानतात, भजनं म्हणतात, आणि मग चिवडा, केक, चहा. लेकरांना हा क्रम कधीच पटत नाही.

आमचं कंपाउंड म्हणजे तालुक्याच्या गावात मिशन दवाखान्यामागे असलेली कौलारू घरांची ओळ. माझे यजमान सिमोन दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर होते आणि मी मुलींचा शिवणवर्ग घेत असे. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. मग एका जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, दोन दिवसांची अबी त्या दवाखान्यातून आमच्या घरी आली. तिला जन्म देणारी मुलगी लांबच्या खेड्यातली होती. तिचं लग्न झालेलं नव्हतं. मावशीबरोबर आली तशी ती मावशीबरोबर परत गेली. पुढे कायद्याचे सगळे सोपस्कार झाले आणि अबीगईल सिमोन उजागरे हे नाव कागदावरही लागलं.

कंपाउंडात हे प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या अबीला.

सांगायचं नव्हतं असं नाही. बोलायला लागली की सांगू, असं आम्ही ठरवलं होतं. ती बोलायला लागली, आणि इतकं गोड बोलायला लागली की आमचा धीरच झाला नाही. मग बालवाडीत गेली की सांगू, मग पहिलीत गेली की सांगू. सिमोन म्हणायचे, "घाई काय आहे?" आणि मला नेमकं तेच ऐकायचं असायचं. तोवर मी घरोघर जाऊन हात जोडून आले होते की आम्ही सांगेपर्यंत कुणी शब्द काढू नका. सगळ्यांनी कबूल केलं. राहेलबाईंनी तर डोळ्यांत पाणी आणून. त्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स. अबी जन्मली तेव्हा त्याच ड्युटीवर होत्या आणि त्यांनीच तिला आणून माझ्या हातात दिलं होतं. "माझी जीभ झडो माय," त्या म्हणाल्या होत्या, "कोण्या माणसापाशी शब्द काढला तर!"

मला भीती होती ती एकाच व्यक्तीची, आणि ती माझ्या घरातच राहत होती.

माझ्या सासूबाई, सगुणाबाई. उमेदीच्या काळात खेडोपाडी पायी फिरून त्यांनी सुवार्ता सांगितली होती. विहिरीवर, ओट्यावर, खळ्यावर, जिथं चार बायका भेटतील तिथं. घरात मात्र त्या शब्द अगदी तोलून वापरायच्या. भाजीत मीठ कमी पडलं तर काही न बोलता उठून मिठाची बरणी आणायच्या. बोलल्याच तर एक वाक्य, आणि ते असं सरळ की ऐकणाऱ्यानं गप्प बसावं. अबी घरी आली त्या दिवशी सगळं कंपाउंड लोटलं होतं. कुणी म्हणालं, मोठं पुण्य केलंस. कुणी म्हणालं, लेकराचं नशीब उघडलंस. कुणी म्हणालं, या उपकाराची फेड देव करील. सासूबाई आल्या, त्यांनी कांबळ्यातल्या त्या एवढ्याशा तोंडाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "दूध कोमट आहे का बघ."

बस्स. ना आशीर्वाद, ना डोक्यावर हात. बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी विनवलं की आजीनं मंडळीपुढे चार शब्द बोलावेत, तर त्यांनी नुसती मान हलवून नाही म्हटलं. अबीला न्हाऊमाखू घालणं, वेण्या घालणं, ताप आला की उशाशी बसणं, कशात म्हणून कमी केलं नाही. पण ती घरी कशी आली याबद्दल सहा वर्षांत त्यांच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं. मी त्याचा एकच अर्थ लावला होता. मनातून यांनी माझ्या लेकीला आपलं म्हटलेलं नाही, आणि एक दिवस रागाच्या भरात त्यांचं ते एक सरळ वाक्य अबीच्या कानांवर पडणार. मी अबीला त्यांच्याजवळ एकटीला ठेवतानासुद्धा कान तिकडे लावून काम करत असे.

आणि झालं भलतंच.

"हे प्रेमळ स्वर्गीय बापा," राहेलबाईंनी सुरुवात केली. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले.

राहेलबाईंचं एक होतं. देवाला इकडचं काहीच कळत नसावं, अशा थाटात त्या त्याला सगळं सविस्तर सांगायच्या. कुणाच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना असली तर पोट कोणत्या बाजूला चिरलं इथपासून पथ्याच्या भातापर्यंत सगळं यायचं. त्यात कुचकेपणा रतीभर नव्हता. बाईचं मन मेणाचं होतं, आणि प्रार्थनेत ते पार वितळायचं.

ऊन झालं, पीक झालं, दवाखान्याचा नवा पंप झाला. मग आवाज ओला झाला. "आणि आता बापा, या आमच्या अबीसाठी तुझे उपकार मानते. तुला आठवतच असेल ती पहाट. काय थंडी होती! बादलीत हात घालवत नव्हता. मी ड्युटीवर होते..."

मी डोळे उघडले.

अबी डोळे घट्ट मिटून हसत होती. आपली गोष्ट देवाला सांगितली जातेय याचा तिला कोण आनंद झाला होता.

"...आणि कोपऱ्यातल्या खाटेवर ती पोर होती, बापा. किती कोवळं वय ते! एवढ्या कळा सोसल्या, पण तोंडातून हूं नाही..."

प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायची आमच्यात रीत नाही. हे लहानपणापासून अंगात इतकं मुरलेलं असतं की घरात साप निघाला तरी आम्ही आधी आमेनची वाट बघू. मी खोकले. राहेलबाई थांबल्या नाहीत. पुन्हा खोकले. पाळकबाईंचे डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. एकेक करून सगळ्यांचे डोळे उघडले. प्रत्येकीला कळत होतं काय चाललंय, आणि प्रत्येकीचे हात जोडलेले ते जोडलेलेच. राहेलबाईंचे डोळे मात्र मिटलेले, तोंड वर आढ्याकडे, गालांवर पाणी. उठून अबीला बाहेर न्यावं तर पाय उचलेनात. अबीच्या ओठांवरचं हसू गेलं होतं आणि कपाळावर बारीकशी आठी आली होती.

"...मी हे लेकरू पुसून तिच्यापुढे धरलं, बापा. तिनं एकदा पाहिलं, तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि म्हणाली..."

"आमेन!"

आवाज सासूबाईंचा होता. वेशीपासून चावडीपर्यंत पोचवायची सवय असलेला तो जुना आवाज. आणि सवय ती सवय. सतरंजीवरच्या सगळ्या बाया एका दमात "आमेन" म्हणून मोकळ्या झाल्या. त्यांचा श्वास पुरा व्हायच्या आत सासूबाईंनी भजन धरलं. टाळवाल्या बाईनं घाईघाईनं टाळ उचलले, कुणी टाळ्या धरल्या, आणि घर दणाणून गेलं. मधोमध राहेलबाई तोंड उघडं ठेवून तशाच बसल्या होत्या.

भजन संपल्यावर त्या दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या, "सगुणाबाई, माझी प्रार्थना संपली नव्हती."

"संपली, राहेल," सासूबाई म्हणाल्या. "पुढचं त्याला ठाऊक आहे."

पाळकबाई आधी हसल्या, मग सगळ्याच हसल्या. अबीनं केक कापला, बशा फिरल्या. मी चहा ठेवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले, तेव्हा माझ्या हातात काडी तीनदा विझली.

मागोमाग राहेलबाई आल्या. एव्हाना त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला होता. "पोरी, मारून टाक मला," त्या ओट्याला धरून रडायला लागल्या. "माणसापाशी नाही गं शब्द काढला. देवाशी बोलत होते मी!"

"देवाशी बोलताना लेकराचे कान बंद होतात का?" मी फाडकन म्हणाले. आणखीही बोलले असते, जिभेवर बरंच आलं होतं.

"सुहासिनी, चहा उतू जातोय," दारातून सासूबाई म्हणाल्या.

चहा खरंच उतू जात होता. मी पातेलं उतरवलं. सासूबाई आत आल्या, त्यांनी मागं दार लोटलं आणि राहेलबाईंना पाटावर बसवलं.

"काय म्हणाली होती ती?" मी विचारलं. विचारल्याशिवाय मला राहवेना. राहेलबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं.

"सांग," सासूबाई म्हणाल्या. "इथं लेकरू नाही."

राहेलबाईंनी खाली मान घातली. "म्हणाली, हिला माझ्या नजरेसमोरून न्या. मला हिचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

मी चुलीजवळच खाली बसले. बाहेर अबीच्या हसण्याचा आवाज येत होता. हे वाक्य त्या सतरंजीवर, वाढदिवसाच्या दिवशी, तिच्या कानांत पडलं असतं. जन्मभर तिथंच राहिलं असतं.

सासूबाईंनी चहा कपांत ओतला. मग म्हणाल्या, "आणखी काय म्हणाली?"

"आणखी?"

"दोन दिवस होती ना दवाखान्यात? एवढंच बोलली?"

राहेलबाईंनी पदरानं नाक पुसलं. आठवता आठवता त्यांचा चेहरा बदलला. "जाताना बोलली होती. मावशी पुढे टांग्यात जाऊन बसली होती. ही पोर दारातून परत फिरली. माझ्यापाशी आली, वर बघेना. म्हणाली, सिस्टर, तिला थंडी तर वाजत नाही ना? मी म्हटलं, नाही बाळा, चांगलं कांबळ्यात गुंडाळलंय. मग गेली."

"हे तू आजवर कुणाला सांगितलं नाहीस?"

"ध्यानातच नाही राहिलं माय. ते पहिलंच काळजात रुतून बसलं होतं."

"राहेल," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात हातात घेतला. "ती बोलली ते दोन्ही खरंच. पण पहिलं कळांनी वदवलं तिच्याकडून. दुसरं ती स्वतः बोलली. पहिलं आपण तिघींनी या चुलीपाशीच ठेवायचं. दुसरं ज्याचं आहे त्याला पोचवायचं."

राहेलबाईंनी मान हलवली. डोळे पुसून, चहाचा ट्रे घेऊन त्या बाहेर गेल्या, आणि बाहेर जाताच कुणाला साखर कमी लागते यावर जोरात बोलायला लागल्या.

मी अजून खालीच होते. "आई," मी म्हणाले, "मला वाटायचं, एक दिवस तुमच्याच तोंडून..."

"माझ्या?"

"तुम्ही तिला आशीर्वादाचा एक शब्द दिला नाहीत कधी. आली त्या दिवशीसुद्धा नाही."

सासूबाई कपबशा विसळायला लागल्या होत्या. त्यांचे हात थांबले. "त्या दिवशी जो येईल तो उपकार म्हणत होता, पुण्य म्हणत होता. उपकार देवाचे मानायचे, सुहासिनी. लेकरावर लादायचे नाहीत. ते शब्द मला माझ्या घरात नको होते. दुसरा सापडेना. जन्मभर बोलत हिंडले, अन् माझ्याच नातीसाठी मला शब्द सापडेना. रोज मागत होते देवाजवळ." त्यांनी कप पालथा घातला. "तोवर दूध तरी नीट बघावं म्हटलं."

मला रडू आवरेना. सहा वर्षं मी या बाईवर पहारा ठेवला होता, आणि सहा वर्षं ती स्वतःच्या ओठांवर पहारा ठेवून बसली होती. सासूबाईंनी मला रडू दिलं. नंतर ओला हात पदराला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि तेवढ्यात दार ढकलून अबी आत आली. नाकाला केकचं क्रीम लागलेलं.

"आजी, तू मधेच आमेन का म्हणालीस? आणि ती खाटेवरची मुलगी कोण?"

सिमोन घरी यायला अजून अवकाश होता. दोघांनी मिळून सांगायचं ठरलं होतं, पण प्रश्न तर समोर येऊन उभा राहिला होता. "आई," मी काकुळतीला आले, "तुम्ही सांगा. तुम्हाला जमेल."

"नाही. हे तुझं सांगणं आहे," त्या म्हणाल्या. "मी इथंच आहे."

मागच्या दाराच्या पायरीवर मी अबीला मांडीवर घेतलं. सहा वर्षं घोकलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. म्हणून होतं तसंच बोलले.

"ती मुलगी तुझी आई, अबी. तू तिच्या पोटातून आलीस."

अबी माझ्याकडे बघत राहिली. "मग तू?"

"मी तुझी मम्मी. राहेलआजींनी तुला आणून माझ्या हातात दिलं, तेव्हापासून मीच. आणि पप्पा पप्पाच, आणि आजी आजीच."

तिनं माझ्या बांगड्या फिरवायला सुरुवात केली. एक इकडे, एक तिकडे. मग खाली बघतच तिनं विचारलं, "मी तिला आवडले नव्हते?"

ते पहिलं वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं. मागे सासूबाईंची हालचाल थांबल्याचं मला कळलं. मी अबीची हनुवटी वर केली. "तिच्याजवळ तुला ठेवायला घर नव्हतं, बाळा. ती स्वतःच लहान होती, घाबरलेली होती. पण जाताना ती दारातून परत फिरली. आणि तिनं राहेलआजींना विचारलं, तिला थंडी तर वाजत नाही ना?"

अबीनं बांगडी फिरवायची थांबवली. "वाजत होती?"

"नाही. तू कांबळ्यात होतीस. उबेत."

"हे तिला सांगितलं?"

"सांगितलं. मगच ती गेली."

"मग बरं," अबी म्हणाली. थोडा वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, मग उतरली आणि केकचा कोपऱ्याचा तुकडा कुणी खाल्ला नाही ना, ते बघायला पळाली.

दिवेलागणीला सिमोन आले. मी दारातच त्यांना सगळं सांगितलं. ते चपला काढून थेट अबीकडे गेले आणि तिला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली, "पप्पा, फ्रॉक!"

वाढदिवस म्हणून पुलाव केला होता. आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना ज्याचा वाढदिवस त्यानं करायची. अबीची प्रार्थना एरवी एका वाक्यात आटोपायची, भूक तिला दम धरू द्यायची नाही. आम्ही पानांवर बसलो, हात जोडले.

"प्रभू येशू, पुलावासाठी तुझे उपकार. केकसाठी उपकार. मम्मीसाठी, पप्पांसाठी, आजीसाठी. राहेलआजी आज रडल्या, त्यांना बरं वाटू दे." मग ती थांबली.

मला वाटलं, संपलं. मी डोळे किलकिले केले. अबीचे डोळे मिटलेलेच होते. पुलावाची वाफ हळूहळू कमी होत चालली होती. सिमोननी जरा चुळबुळ केली. सासूबाई मात्र हात जोडून तशाच बसल्या होत्या, कसलीच घाई नसल्यासारख्या.

"आणि प्रभू," अबी म्हणाली, "माझी ती आई आहे ना, तिच्या गावाला पण आता थंडी असेल. तिला थंडी वाजू देऊ नकोस."

आम्हा तिघांपैकी आमेन कुणीच म्हणेना.

अबीनं एक डोळा उघडला. "आजी, म्हण ना आता."

"झालं तुझं सगळं सांगून?"

"झालं."

"आमेन," सासूबाई म्हणाल्या. दुपारी तोच शब्द सगळ्या कंपाउंडानं ऐकला होता. आता तो आम्हाला जेमतेम ऐकू आला. त्यांनी डोळे पुसले, पातेल्याला हात लावून पाहिला आणि मला म्हणाल्या, "सुहासिनी, पुलाव कोमट तरी राहिलाय का बघ."